तातेरावांचा फ्लेक्स

‘तुमच्या आयुष्यातला सर्वांत कठीण प्रसंग’ हा निबंध शिवकन्येला चार दिवसांत पुण्याच्या कॉलेजला पाठवायचा होता, आणि पंचाईत अशी, की तिच्यावर तसा प्रसंगच कधी आला नव्हता. मार्क बक्कळ होते. सीट अडली होती ती दुःखापायी.

“दहावीला कावीळ झाल्ती की तुला,” आई पुष्पाबाई म्हणाल्या.

“कावीळ सगळ्यायलाच होती, आई.”

नवीन जालन्यात फॉर्म भरून देणाऱ्या राधेश्यामने तर सरळच सांगितलं होतं, “मागच्या साली जिचा नंबर लागला, तिचे वडील वारल्ते. तसंच काही तरी पाह्यजे, बराबर वजनदार.”

वडील तातेराव जालन्यातल्याच मस्तगड भागात बियाण्याच्या दुकानात कामाला. पोरीसाठी काहीही करणारा माणूस. ताटावरून उठता उठता त्यांनी सांगून टाकलं, “मंग मला मार. कागदावरच मरायचंय ना?”

“जीभ झडो तुमची!” पुष्पाबाई ओरडल्या. पण पोरीची सीट म्हटल्यावर त्याही तयार झाल्या.

फॉर्मसोबत पुरावा म्हणून एक फोटो जोडायचा होता. राधेश्यामचा फ्लेक्सचाही धंदा. त्याने तातेरावांचा हसरा फोटो घेतला आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चं डिझाइन पाच मिनिटांत तयार केलं. इथवर ठीक होतं. पण आपल्याकडे श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर मेलेला एक असतो आणि खाली ‘शोकाकुल’ म्हणून चाळीस जिवंत असतात. त्यांचे फोटो गोळा करायला राधेश्याम प्रत्येक डिझाइन आधी सगळ्या ग्रुपवर टाकायचा. हाताला सवय. त्याने हेही टाकलं.

तासाभरात सत्तावीस फोटो आले. एकाने गॉगल लावलेला पाठवला आणि वर बजावलं, “आपला फोटो सभापतीच्या खाली बिलकुल नको.” इकडे तातेरावांच्या दारात माणसं जमली, टोप्या उतरल्या, बांबू कुठून आणायचे त्याची चर्चा सुरू झाली. तेवढ्यात तातेराव हात पुसत आतून बाहेर आले.

“अरे! जित्ते हायेत का तुम्ही?” शेजारचे रखमाजी जवळजवळ चिडलेच. “म्या दुकान बंद करून आलो ना राव!”

लोक हसले. तातेरावही हसले. मग टेंभुर्णीहून फोन आला.

तिथे त्यांची थोरली बहीण गोजरबाई राहायची. आई लवकर गेली, तेव्हा तिनेच तातेरावांना वाढवलं होतं. शेजारणीने तिला मोबाइलवर तो फ्लेक्स दाखवला. ती अनवाणीच जालन्याची गाडी धरायला स्टँडवर आली, बाकड्यावर टेकली आणि उठलीच नाही. तातेराव जिवंत असल्याचा मेसेज टेंभुर्णीत पोचला, तेव्हा ऐकायला ती नव्हती.

दारात जमलेली माणसं रिकामी गेली नाहीत, तशीच टेंभुर्णीला गेली. राधेश्यामलाही नवं डिझाइन करावं लागलं नाही. वरचं नाव आणि फोटो बदलला, शोकाकुल तेच ठेवले. तातेराव तेवढे एक वाढले.

मातीहून परतल्यावर राधेश्याम शिवकन्येला हळूच म्हणाला, “पोरी, आता खरंच घडलं. लिहायला काय हरकत न्हाई.”

“थू तुमच्या फॉर्मवर!” ती म्हणाली.

पण शेवटच्या दिवशी ती रडत रडत बसली आणि घडलं ते तसंच्या तसं लिहून काढलं. आपल्या सीटपायी आत्या गेली, हेही लिहिलं. तिला दुसरं काही सुचतच नव्हतं.

महिन्याभराने कॉलेजचा मेल आला.

“काय लिहिलंय? जल्दी वाच,” तातेराव म्हणाले.

शिवकन्येने मनातल्या मनात वाचलं. ‘अभिनंदन. आपली निवड झाली आहे. आपला विनोदी निबंध वाचून समितीची हसून पुरेवाट झाली. आत्याचे पात्र तर विशेष आवडले.’

“नंबर लागला, बाबा.”

“आनिक काय म्हनत्यात?”

“आत्या त्यायला लई आवडली.”

“आवडनारच,” तातेराव डोळे पुसत म्हणाले. “होतीच तशी.”