चौथीच्या वर्गातला बर्फ

"घ्या बाई, तुमचा धडा आणला. निम्मा रस्त्यात माझ्या पाठीत मुरला," असं म्हणत बायडाबाईंनी गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी चौथीच्या वर्गाबाहेर बादलीत सोडली.

त्या काळी घरोघर फ्रीज नव्हते. बर्फ लागला तर बर्फवाल्याकडून लाकडाच्या भुशात घोळवलेला आणायचा आणि वितळायच्या आत घर गाठायचं. नारायण पेठेतल्या त्या शाळेत बायडाबाई घंटा देत, वर्ग झाडत, पाणी भरत. पण बर्फ आणायचं काम त्यांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं. कारण पद्मजाबाईंसारखी बाई आजवर शाळेत आली नव्हती.

धड्यात लिहिलेलं होतं, पदार्थ घन असतो, द्रव असतो, वायू असतो. आधीचे गुरुजी ते मुलांकडून घोकून घेत आणि पुढच्या धड्याला लागत. पद्मजाबाई मात्र वर्गात मेण वितळवत, मीठ विरघळवत, ओलं फडकं फळ्यावर फिरवून ओल कुठे गेली ते मुलांना विचारत. बायडाबाईंची कुसुम त्यांच्याच वर्गात होती. गेल्या वर्षी ही पोर शाळेत जायचं म्हटलं की दाराची चौकट धरून बसायची. आता घरी भाताचं झाकण काढलं की विचारायची, "आई, झाकणाच्या आतल्या अंगाला पानी कुठनं आलं, सांग." बायडाबाईंना सांगता येत नसे. मग कुसुमच त्यांना सांगे आणि तोवर भात खाली लागे. तरी बायडाबाई खूष होत्या. बाईंसाठी त्यांनी बर्फच काय, आख्खा हिमालय डोक्यावरून आणला असता.

त्या दिवशी तर गोष्टच मोठी होती. शिक्षण खात्याचे तपासनीस, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी दिपोटी साहेब, शाळा बघायला येणार होते. त्यांना पद्मजाबाईंचा धडा पटला तर बाई नोकरीत कायम होणार, नाहीतर उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर त्यांच्या जागी दुसरं कोणीतरी येणार. मुख्याध्यापक श्रीधरपंतांनी ते स्पष्टच सांगितलं होतं.

"बर्फ, स्टोव्ह, किटली! बाई, ही शाळा आहे की अमृततुल्य?"

"गुरुजी, एकच पाणी तीन रूपांत दाखवणार आहे. मुलांना डोळ्यांनी दिसलं की..."

"आपल्याला दिसलं होतं का? तरी झालो ना मुख्याध्यापक!"

पद्मजाबाईंनी मान डोलावली आणि स्टोव्हमध्ये रॉकेल भरायला घेतलं. पुण्यात राहून हे त्यांना चांगलं जमत होतं.

साहेब वेळेवर आले. आता थेट वर्गात जायचं, तर श्रीधरपंतांच्या शाळेत तसं कधी झालं नव्हतं. पाहुणा आला की हार, नारळ, मग प्रास्ताविक, मग परिचय. आणि पाहुण्याच्या हातात काहीतरी प्यायला.

"चहा नको. पित्त होतं," साहेब म्हणाले.

श्रीधरपंतांनी खिडकीतून हाक दिली, "बायडाबाई, लिंबाचं सरबत! गार हवं!"

सरबत होतं, गार मात्र नव्हतं. माठ सकाळीच गळायला लागला होता. आतून पुन्हा हाक आली, "झालं की नाही? साहेब खोळंबलेत!" बायडाबाईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि त्यांची नजर बादलीवर गेली. एवढी मोठी लादी. एक खडा काढला तर धड्याला काय कमी पडणार आहे? त्यांनी खलातला बत्ता आणला आणि कोपऱ्यावर हलकेच ठोका दिला. लादी काही कोपऱ्यापुरती फुटायला तयार नव्हती. ती आख्खी तडकली आणि तिचे तुकडे तुकडे झाले. चार तुकडे पातेल्यात गेले, बाकीचे पुन्हा बादलीत. गोणपाट वर घातलं की नाही, ते त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

सरबत गार झालं आणि तिथंच घात झाला. साहेबांसोबत बसलेल्या शाळा समितीच्या मंडळींनी आणखी मागितलं. श्रीधरपंतांनी घसा ओला करून प्रास्ताविकाला हात घातला, तो संस्थेच्या स्थापनेपासून. बायडाबाई पेले भरत होत्या, बर्फ आणत होत्या. भाषण वाढत होतं आणि उन्हं व्हरांड्यात सरकत होती.

शेवटी साहेबच उठले. "सत्काराचं आटोपलं असेल तर शाळा भरली आहे का, तेही बघू या."

मंडळी वर्गात आली. बायडाबाई रिकामे पेले घेऊन दाराशी उभ्या राहिल्या. पद्मजाबाईंनी बादली टेबलावर ठेवली आणि आत पाहिलं. तळाला थोडंसं पाणी होतं आणि त्यावर भुसा तरंगत होता.

बायडाबाईंनी हातातले पेले पदराआड लपवले.

श्रीधरपंत पुढे झुकून कुजबुजले, "बाई, पुस्तक काढा. धडा वाचा, सुटा!"

पद्मजाबाईंनी पुस्तकाकडे पाहिलं, मग मुलांकडे. बादली कलती करून त्यांनी मुलांना आतलं दाखवलं.

"मुलांनो, सकाळी यात काय होतं?"

"बर्फ!"

"आता काय आहे?"

"पाणी!"

"पाणी कोणी ओतलं?"

"कोणीच नाही! बर्फाचंच झालं!"

साहेब खुर्चीत पुढे सरकले. "केवढा होता बर्फ?"

मुलांनी हात लांब करून दाखवले.

"मग पाणी एवढंसंच कसं? बाकीचा गेला कुठे?"

संपत नावाचा मुलगा उठला. "वाफ झाली."

"तू पाहिलीस?" पद्मजाबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग बस. पाहिल्याशिवाय सांगायचं नाही."

आणि कुसुम उभी राहिली. बायडाबाईंनी दारातून मान हलवली, डोळे वटारले. पोरीने तिकडे बघितलंच नाही.

"बाई, बाकीचा साहेबांच्या पोटात हाय."

श्रीधरपंतांनी तिला खाली बसायची खूण केली.

"कशावरून?" साहेबांचा आवाज कोरडा होता.

"मी खिडकीतनं बघितलं. आईनं बत्त्यानं फोडला आन् सरबतात टाकला. तुम्ही प्यायला. गुरुजी तुमच्यापेक्षा जास्त प्यायले."

"मग आता माझ्या पोटात बर्फ आहे की पाणी?"

कुसुमने विचार केला. "पानीच. फुटका बर्फ लवकर वितळतो, आन् पोट गरम असतंय."

"आणि सरबतातली साखर? ती तर दिसत नव्हती."

"विरघळली. पन ती हाय. चव लागली असंल की."

"लागली," साहेब म्हणाले. त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं आणि बोटाला लागलेला कण उजेडात धरला. "पण हे काय विरघळलं नाही वाटतं."

"भुसा विरघळत न्हाय साहेब. तो गाळावा लागतो."

"ते तुझ्या आईला सांग."

मग साहेबच हसले, आणि त्यांच्यामागून आख्खा वर्ग. श्रीधरपंत सगळ्यांत शेवटी हसले, साहेब हसतायत याची खात्री करून.

जाताना साहेब पद्मजाबाईंना म्हणाले, "मी शेकडो धडे ऐकले. मुलाला 'पाहिलंस का' म्हणून विचारणारा हा पहिला. तुम्ही कायम झालात असं समजा." श्रीधरपंत आभाराला उभे राहू लागले तसे साहेबांनी हात जोडले. "नको. प्रास्ताविकात बर्फ गेला, आभारात मी जाईन."

शाळा सुटल्यावर बायडाबाई डोळ्यांना पदर लावून बाईंपुढे उभ्या राहिल्या. "बाई, माझ्या हातनं वाटोळंच झालं असतं."

"मी सकाळपासून एकाच काळजीत होते," पद्मजाबाई म्हणाल्या, "तासाभरात हा बर्फ मुलांसमोर वितळेल कसा? तुम्ही वितळवलात, वर पाहुण्यांना वाटलातही. इतका धडा मला एकटीला जमला नसता."

बायडाबाई घरी आल्या. "आईला सगळ्यांत उघडं पाडायला लाज न्हाय वाटली?" असं त्यांनी पोरीला दरडावून विचारलं, आणि उत्तर यायच्या आत तिच्या ताटात तुपाची धार जास्त ओढली. तूप भातावर पडताच पातळ झालं. दोघी ते बघत बसल्या.

पुढच्या वर्षी पुन्हा दिपोटी साहेब येणार असल्याची बातमी आली. श्रीधरपंतांनी बायडाबाईंना खोलीत बोलावून दार लोटलं.

"माठ नवा आणलाय, गुरुजी. गाळणं पन घेतलंय," बायडाबाईंनी आधीच सांगून टाकलं.

श्रीधरपंत गंभीर झाले. "ते राहू द्या. आपल्या शाळेची पद्धत आहे, बायडाबाई, ती मोडायची नाही. बर्फ आणा, बत्त्याने फोडा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि साहेबांच्या पेल्यात थोडा भुसा राहील, एवढं बघा."