गुरुबसप्पांचा टर्बो

गुरुबसप्पांनी नांदेडला पोहोचल्या पोहोचल्या पहिली चूक केली. होणाऱ्या व्याह्यांसमोर त्यांनी आपल्या गाडीचं कौतुक केलं. लातूरला त्यांचं आडतीचं दुकान. लेक सुकन्याला घेऊन ते रामलिंगअप्पांच्या घरी आले होते. त्यांचा मुलगा शिवप्रसाद मुलीला पसंत होता, मुलगी मुलाला पसंत होती आणि आता फक्त रामलिंगअप्पांच्या थोरल्या बहिणीचा, बिलोलीच्या गंगम्मांचा होकार राहिला होता. त्या घरात गंगम्मांच्या होकाराशिवाय नवा माठही विकत आणत नसत.

"डिझेल गाडीचा दम चढावर कळतो," चहाचा घोट घेत गुरुबसप्पा म्हणाले. "आपली गाडी तर चढ बघितला की जास्तच जोर धरते."

वास्तविक ती गाडी महिनाभरापासून चढ बघितला की जीव टाकत होती. लातूरच्या अमरेश मेकॅनिकनं सांगितलं होतं, "मालक, टर्बोची हवा कुठंतरी लीक होऊन राहिली. हवा कमी पडली की गाडीचा कॉम्प्युटर भितो अन् पावर तोडून टाकतो. गाडी माझ्याकडं सोडा, पाईप बघून घेतो." पण भाड्याच्या गाडीतून सोयरीक करायला जाणं गुरुबसप्पांच्या इज्जतीत बसत नव्हतं. शिवाय त्यांना स्वतःलाच एक इलाज सापडला होता. गाडी मलूल झाली की बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं, जरा थांबून पुन्हा चालू करायचं. कॉम्प्युटर झालंगेलं विसरून जायचा आणि गाडी पुढच्या चढापर्यंत शहाण्यासारखी पळायची. टर्बोचा एवढा स्वस्त उपचार जगात दुसऱ्या कोणाला माहीत नसावा, याचा त्यांना थोडा अभिमानही होता.

"एवढी चांगली गाडी हाय तर मला बिलोलीला तुमीच सोडा," मुलगी बघायला मुद्दाम आलेल्या गंगम्मा म्हणाल्या. "पोरीला बी संगं घ्या. पाटावर बसवून माणूस कळत न्हाई, परवासात कळतो."

ही गंगम्मांची जुनी पद्धत होती. गेल्या साली एक चांगलं स्थळ त्यांनी एसटीत खिडकीच्या जागेवरून मोडलं होतं. गुरुबसप्पांना आता नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं.

गाडी निघाली. पुढे गुरुबसप्पांशेजारी शिवप्रसाद बसला, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. मागे गंगम्मा आणि सुकन्या. नांदेड मागे पडलं आणि पहिल्याच चढावर गाडीनं मान टाकली. पाय पार खाली दाबला तरी गाडी पुढे जाईना. मागून उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्यांसकट त्यांना ओलांडून गेला आणि वर हॉर्नही वाजवून गेला.

नशिबानं समोर महादेवाचं देऊळ दिसलं. गुरुबसप्पांनी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, खाली उतरून डोळे मिटून हात जोडले आणि परत येऊन किल्ली फिरवली. गाडी पळायला लागली.

"माणूस भाविक हाय," गंगम्मा समाधानानं म्हणाल्या.

दुसऱ्या चढाला मारुती भेटला, तोही चालून गेला. तिसऱ्या चढाला मात्र दोन्ही बाजूंना नुसती तूर होती. देव नाही की धर्म नाही. गुरुबसप्पांनी गाडी थांबवली आणि काहीच न सुचून करंगळी वर केली. एका बाभळीमागे जाऊन ते नुसतेच उभे राहिले आणि थोड्या वेळानं परत आले. चौथ्या चढाला पुन्हा करंगळी. पाचव्याला तर त्यांनी करंगळी वर करायच्या आधीच गंगम्मा म्हणाल्या, "जाऊन या, जाऊन या."

ते परत आले तेव्हा गंगम्मांचा आवाज एकदम मऊ झाला होता. "गुरुबसप्पा, पाणी लई प्यावं वाटतं का हो?"

"हाव अक्का. ऊन केवढं हाय."

"थकवा येतो?"

"येतोच की. दुकानात दिवसभर उभं राहावं लागतं."

"पायाची आग होती?"

"कदी कदी होती," गुरुबसप्पा भारावून म्हणाले. होणाऱ्या व्याह्यांच्या घरात आपली एवढी काळजी करणारं कोणी आहे, हे बघून त्यांना भरून आलं होतं. मागे सुकन्यानं कपाळावर हात मारून घेतला, तो त्यांना दिसला नाही.

नायगावला चहासाठी थांबले. गंगम्मा म्हणाल्या, "पोरांनो, तुमी तिकडं गाडीपाशी जाऊन दोन शब्द बोला. लग्नाआधी बोलायचं असतं आता." दोघं गेले. गाडी हॉटेलच्या मागच्या अंगाला सावलीत लावली होती. गंगम्मांनी चहावाल्याला सांगितलं, "चार चहा. एक बिनसाखरेचा."

"तुमाला साखर चालत न्हाई का अक्का?" गुरुबसप्पांनी विचारलं.

"माझा न्हाई, तुमचा." गंगम्मांनी पदर सावरला. "शुगर असल्याचं कोणी काई म्हणत न्हाई. आजकाल घरोघरी हाय. पण तुमी लपवून राहिले. लपवणाऱ्या घरात मी पोरगा देत न्हाई. मी रामलिंगला फोन करून सांगते, हे स्थळ नको."

सुकन्याला हा मुलगा किती आवडला आहे, ते गुरुबसप्पांना ठाऊक होतं. गेले आठ दिवस ती स्वयंपाकघरात गुणगुणत होती आणि भाजीत दोनदा मीठ घालत होती. लेकीपुढे गाडीची इज्जत ती काय. त्यांनी सगळं सांगून टाकलं. टर्बो, पाईप, कॉम्प्युटर, महादेव, मारुती, बाभळ, सगळं.

गंगम्मांनी शांतपणे ऐकून घेतलं. "माणसाची बिमारी गाडीवर ढकलू नये," त्या म्हणाल्या.

"अक्का, खरंच सांगून राहिलो. गाडीला चढ चढवत न्हाई."

"सकाळी तर म्हणले, चढ बघून जोर धरते."

मग गंगम्मांनीच तोड काढली, "नरसीच्या पुढं मोठा चढ हाय. तिथं न थांबता न्या. गाडी दमली तर मी तुमचं खरं मानते."

गुरुबसप्पांचा जीव भांड्यात पडला. एवढ्यात दोघं परत आले. शिवप्रसाद आधी नळावर हात धुवायला गेला. सुकन्यानं हात पदरात घेतले होते. मुलगी लाजली, असं गुरुबसप्पांना वाटलं.

नरसी गेली, चढ आला. आयुष्यात पहिल्यांदाच गुरुबसप्पा आपली गाडी दमावी म्हणून महादेवाला विनवत होते. त्यांनी एसी पूर्ण सोडला. चढावरही गियर पाचव्यावरून खाली आणलाच नाही. गाडीनं एकदा हूं केलं आणि ती जी सुटली, ती दोन ट्रक, एक एसटी आणि उसाचा तोच ट्रॅक्टर मागे टाकून थेट माथ्यावर. गुरुबसप्पांनी डॅशबोर्डवर हात आपटला. शिवप्रसाद खिडकीबाहेर बघत होता. आरशातून सुकन्या बापाकडे बघून हसत होती, पण बापाचा चेहरा पाहून तिचं हसू मावळलं.

"पप्पा, काय झालं? चांगली पळून राहिली की," तिनं हळूच विचारलं.

"तेच तर झालं," गुरुबसप्पा म्हणाले.



बिलोलीला गंगम्मांच्या घरासमोर गाडी थांबली. शिवप्रसाद आत्याची पिशवी काढायला पुढे झाला आणि गंगम्मांना त्याची पाठ दिसली. पांढऱ्याशुभ्र शर्टावर, उजव्या खांद्याच्या खाली, पाच बोटांचा काळाकुट्ट पंजा उमटला होता. बोटं नाजूक होती. गंगम्मांनी सुकन्याचे हात पदरातून बाहेर काढले. ते कोपरापर्यंत काळे होते.

"हे काय हाय?"

सुकन्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं काळ्या हातानंच पुसलं. "आत्या, पप्पांच्या गाडीचा टर्बोचा पाईप निसटत होता. आमचं बोलणं तेवढंच झालं. ह्यांच्या ट्रॅक्टरचा बी एकदा तसाच निसटला होता, म्हणून ह्यांनी बोनट उघडलं. मी पाईप दाबून धरला, ह्यांनी क्लिप आवळली. ह्यांचा तोल गेला तेव्हा मी पाठीला धरलं. पप्पांची तुमच्यासमोर फजिती होऊ नये, एवढंच वाटलं हो."

"बघा अक्का," गुरुबसप्पा ओरडलेच. "मी काय सांगत होतो?"

गंगम्मा ओट्यावर बसल्या. त्यांनी सुकन्याला जवळ बसवलं. मग त्यांनी पदरानं तिच्या गालावरचा काळा डाग पुसला.

"केवढी माया म्हणावी ही," त्या म्हणाल्या. "बापाची शुगर झाकायला पोरीनं इंजिनात हात घातले. आमचा शिवप्रसाद बी तिच्या खोट्यात सामील. लग्नाआधीच एवढा एकोपा मी कुठं बघितला न्हाई. पोरगी मला पसंत हाय."

"पण अक्का, ते खोटं न्हाई," गुरुबसप्पा म्हणाले.

"थांबा." गंगम्मांनी हात वर केला. "लेकीचं मी माफ केलं, तिनं बापासाठी केलं. पण घरातला करता माणूस खरं बोलणारा पाहिजे. आता एकदाच विचारते. खरं बोलले तर आत्ता रामलिंगला फोन करते आन् सुपारी फोडते. शुगर हाय का न्हाई?"

गुरुबसप्पांनी गाडीकडे बघितलं. मग शिवप्रसादकडे, मग लेकीकडे. सुकन्यानं काळे हात छातीशी धरले होते.

"हाय अक्का," गुरुबसप्पा मान खाली घालून म्हणाले. "लई दिवसांपासून हाय."

"असं खरं बोलावं माणसानं," गंगम्मा म्हणाल्या आणि आतून पेढ्यांचा डबा घेऊन आल्या. एक पेढा सुकन्याच्या तोंडात, एक शिवप्रसादच्या तोंडात, एक स्वतःच्या. गुरुबसप्पांच्या तळहातावर त्यांनी मूठभर मेथीचे दाणे ठेवले आणि ते चावून खाईपर्यंत समोर उभ्या राहिल्या.