डोकं ज्याचं, त्याला विचारा

आमच्या उदगीरच्या गल्लीत नागनाथअण्णांचं केस कापायचं दुकान आहे. लेकराला तिथं नेलं की अण्णा आधी खुर्चीपुढं उकिडवे बसतात आणि लेकरालाच विचारतात, "मालक, कापायचे का? किती?" लेकरू न्हाई म्हणालं, की कात्री खाली. मग बाप चिडो नाहीतर आई.

सगळ्या गल्लीतल्या लेकरांची डोकी अण्णांच्या हाताखालून गेली. राहिली ती त्यांचीच नात, लातूरची आराध्या. तिचे केस एकदा तरी आपल्या हातानं कापावेत, एवढीच त्यांची हौस. पण त्यांची लेक सुमन कापू देत नव्हती.

माझं घर दुकानासमोर. मी कुणाशी फारसं बोलत नाही, पण उंबऱ्यात गहू निवडत बसलं की सगळं ऐकू येतं.

एकदा मोंढ्यातले एक धान्याचे आडते पोराला दंडाला धरून घेऊन आले. "अण्णा, पार बारीक करा. दोन महिने बघायला नको."

अण्णांनी पोराला विचारलं. ते म्हणालं, "वरचे राहू द्या."

"त्याला काय विचारून राहिलात? पैसे मी देणार हाय."

"पैसे तुमचे, शेठ. डोकं कुणाचं?"

"माझ्या पोराचं."

"मग पोराला बोलू द्या की."

शेठ तावातावानं दुसऱ्या दुकानात गेले. दुसऱ्या दिवशी ते पोरगं टोपी घालून आलं आणि अण्णांपुढं टोपी काढून पार भादरलेलं डोकं दाखवलं. अण्णांनी त्याला चहा पाजला.

माझ्या नातवाच्या जावळालाही तीच तऱ्हा. वर्षाचं लेकरू, आपल्या मामाच्या मांडीवर भोकाड पसरून बसलेलं. अण्णा वस्तरा मिटून म्हणाले, "लेकरू राजी न्हाई."

भोकरहून आलेले व्याही भुकेले होते. "अहो, त्याला बोलता तरी येतंय का?"

"रडता येतंय की. अजून काय बोलावं त्यानं?"

पाऊण तास अण्णा पाण्याच्या वाटीनं त्याच्याशी खेळत बसले. शेवटी नातवानं आपल्याच हातानं वाटी डोक्यावर उपडी केली. "झाला हुकूम," म्हणत अण्णांनी वस्तरा उघडला. वरण गार झालं, पण नातू रडला नाही.

आमच्या लहानपणी लेकराचं डोकं गुडघ्यात दाबून केस कापायचे. लेकरांना विचारायची पद्धतच नव्हती. चौथीनंतर माझी शाळा बंद केली, तेव्हा मलाही कुणी विचारलं नव्हतं. म्हणून अण्णांचं ते विचारणं मला आवडायचं. ते कुठून आलं, हे मला त्यांच्या बायकोनं, गंगाकाकूनं सांगितलं.

सुमन दहा वर्षांची असताना तिच्या डोक्यात लई उवा झाल्या. काकूनं हात धरले आणि अण्णांनी तिच्या दोन्ही वेण्या कापून गोटा केला. लेकरू ओरडत होतं, "अण्णा, नको." शाळेत पोरं हसली. सुमन महिनाभर शाळेत गेली नाही. तेव्हापासून तिनं बापाला डोक्याला हात लावू दिला नाही.

परवा दिवाळीला सुमन माहेरी आली. मी अण्णांच्या घरी फराळाचं ताट द्यायला गेले, तर अंगणात आराध्या पाटावर बसलेली, गळ्याभोवती पांढरं कापड. सुमननं या वेळी नको म्हटलं नव्हतं. ती दाराला टेकून नुसती बघत होती.

अण्णा पाटापुढं उकिडवे बसले. "मालकीणबाई, कापायचे का?"

आराध्यानं कात्रीकडं बघितलं. "न्हाई, आजोबा."

काकू म्हणाली, "अगं, थोडेसे काप की. आजोबा किती वर्षं वाट बघून राहिले."

"तिला भरीस घालू नको," अण्णा म्हणाले. त्यांनी कात्री पेटीत ठेवली, कापड सोडून झटकलं. "बरं. जा, खेळ जा." पोरगी पळाली. अण्णा कापडाची घडी घालत राहिले. घडी काही नीट बसेना.

सुमन पायरी उतरून आली आणि रिकाम्या पाटावर बसली. वेणी सोडून केस पाठीवर मोकळे केले.

"अण्णा, माझी टोकं फाटलीत. दोन बोटं कापा."

अण्णांनी घडी मोडून कापड तिच्या खांद्यावर टाकलं. कंगवा लावायच्या आधी त्यांनी तीनदा विचारलं, दोनच ना. ती तिन्ही वेळा हाव म्हणाली.