बसलिंगप्पाची जळालेली मोटर

बसलिंगप्पाने मला फसवलं. आमच्या दोन दुकानांमध्ये एकच पत्रा आहे. त्या पत्र्यापलीकडून हा माणूस माझ्याशी धडधडीत खोटं बोलला. खांद्यावर चादरी टाकून दारोदार फिरत मी धंदा उभा केला. मला कुणी सहसा गंडवत नाही. याने गंडवलं.

त्याचा गाद्यांचा कारखाना. जुनी गादी उसवायची, कापूस मशीनवर पिंजायचा, पुन्हा भरायचा. पण गिऱ्हाइकाला भाव सांगण्याआधी तो मास्ट सेल नावाची पेशी समजावून सांगायचा.

"फुप्फुसात ह्यो वॉचमन असतोय, मालक. जुन्या गादीतल्या धुळीत डोळ्याला न दिसणारा किडा. त्याचा कण आत गेला की ह्यो दरोडा पडल्यागत शिट्टी मारतोय. नळ्या आवळल्या की."

मग टी-पेशी निरोप धाडतात. त्या निरोपांना इंटरल्युकिन म्हणतात आणि त्यांना नंबर असतात. चार नंबरचा गेला की आयजीई नावाची प्रथिनं तयार होतात आणि वॉचमनच्या अंगावर जाऊन बसतात, पुढच्या वेळी किडा लगेच ओळखू यावा म्हणून. पाच नंबरचा गेला की इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींची फौज चालून येते आणि शत्रू नसताना आपलंच घर फोडते. चूक कुणाची म्हणाल, तर उत्तर ठरलेलं : "पेशी वाईट न्हाय. निरोप लई झाले." नळाला पाणी चार दिवसांनी आलं तरी कारण हेच.

हे सगळं तो बायकोला घेऊन दवाखान्यात बसता बसता शिकला. गंगव्वाला दमा होता. ती गेली, नंबर राहिले.

पुढे मलाच धाप लागायला लागली. डॉक्टरांनी तोच किडा सांगितला आणि रोज ओढायचा पंप दिला. छाती मोकळी झाली की मी तो बंद करायचो. न लागणारा माल कशाला घ्यायचा?

"शिट्टी थांबली म्हंजे फौज माघारी गेली न्हाय," बसलिंगप्पा म्हणायचा. "तुमीबी मास्ट सेलच हायसा. कायबी झालं की भडकताय."

मी भडकलो. तुझी धूळ पत्र्यातून माझ्याकडे येते, मशीन मागच्या अंगणात ने म्हणालो. ते जमणारं नव्हतं. आमच्याकडचं गिऱ्हाईक आपला कापूस बदलला जाईल म्हणून नाकाला पदर लावून मशीनसमोरच उभं राहतं. मशीन नजरेआड गेलं की धंदा बसला.

एके सकाळी मशीनच दिसेना. "मोटर जळाली," एवढंच तो म्हणाला. मला बरंच वाटलं. लगेच मी त्याचं दुकान गोदामासाठी स्वस्तात मागितलं. त्याने हसून चहा पाजला. आता तो तयार उशा विकतो. गिऱ्हाईक थांबत नाही, त्यामुळे नंबर ऐकायलाही कुणी नसतं.

मागच्या महिन्यात लग्नासाठी दुधनीला गेलो. बाजारात बसलिंगप्पाचं तेच निळं मशीन, बाजूला त्याने हाताने रंगवलेलं 'गंगा', धडधडत चालू. नवा मालक म्हणाला, मोटर पहिलीच आहे, कधी जळाली नाही.

परत आल्या आल्या बसलिंगप्पाला धरला. उशीची शिवण चाचपत तो म्हणाला,

"गंगी म्हणायची, मशीन काढा. मी म्हणायचो, एवढा सीझन होऊ दे." मग त्याने पत्र्याकडे बोट केलं. "हितनं तुमच्या छातीची शिट्टी ऐकू यायची, मालक. तिच्यासारखीच."

घासाघीस केल्याशिवाय मी जन्मात काही घेतलं नाही. आणि याने चालतं मशीन विकलं, मला विचारलं नाही, भाव सांगितला नाही, वर चहा पाजला. हा कुठला व्यवहार?

रोज दुपारी पंप ओढून मी त्याच्या दुकानात स्टूल घेऊन बसतो आणि हेच विचारतो. तो वॉचमनपासून सुरू करतो आणि पाच नंबरपर्यंत येतो. माझ्या प्रश्नाला बगल देतो. पण बसलिंगप्पाने जबाब दिलाच पाहिजे. तो मिळेपर्यंत मी स्टुलावरून हलणार नाही.