गंगूला न आवडणारं माणूस

आमच्या शेजारचे नारायणभाऊ मांजरीशी अबोला धरत. गंगू दुसऱ्या कुणाच्या घरचं दूध पिऊन मिशा चाटत आली, की दिवसभर तिच्याकडे पाठ. "जाय तिकडंच! माह्यापाशी काहून आली?" असं भिंतीकडे तोंड करून म्हणायचे. गंगू खुशाल त्यांच्या धोतराला अंग घासत असायची. संध्याकाळी समेट झाला, की माझ्या ओट्यावर येऊन चौकशी, "वहिनी, खरं सांगा, कोनाकडं गेलती हे?"

बालाघाटच्या कचेरीत उभा जन्म काढलेला कारकून. बायको नाही, मूलबाळ नाही. लग्न केलं असतं, तर त्या बिचारीला खिडकीत उभं राहायचीही चोरी झाली असती, असं आपलं मला वाटतं.

त्यांचा मोतीबिंदू पिकला आणि पंचाईत झाली. नागपूरला जाऊन ऑपरेशन करा, नाहीतर डोळा जाईल, असं डॉक्टरांनी खडसावलं. पण गंगूला ठेवायचं कुणाकडे? नारायणभाऊ एकेकाला घरी बोलवू लागले. मुलगी दाखवावी तशी गंगूला मधोमध बसवायचं, चहा द्यायचा, आणि आपण अधू डोळे बारीक करून बघत राहायचं.

आमच्याच गल्लीतले, भरवेलीच्या खाणीवर जाणारे कंपाउंडर आले. त्यांना मांजरांचं भारी वेड. गंगू थेट मांडीवर चढून घुरघुरायला लागली. मी म्हटलं, चला, जमलं! इकडे नारायणभाऊंचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. कंपाउंडर फाटकाबाहेर पडतात न पडतात तोच म्हणाले, "आदमी बरोबर नाही वाटत."

मग लामत्याहून भाची आली, वैनगंगेची मासळी घेऊन. गंगू तिचा पदर सोडेना. "लालूच दाखवते! असी बाई काय कामाची?" भाचीची रवानगी परत लामत्याला.

शेवटी माझ्याकडे आले. "वहिनी, तुमीच ठेवा गंगूले."

मी उडालेच. माझ्या दह्याच्या गाडग्यात तिनं तोंड घातल्यापासून आमचं वैर. मी दिसले की ती फिस्कारायची आणि मी झाडू उचलायची.

"मी? काहून?"

"तिले तुमी बिलकुल आवडत नाही ना."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मंग काय तिचे हाल कराचे हाय तुमाले? कंपाउंडर काय वाईट होते, भाऊजी?"

नारायणभाऊ चष्मा पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "तिथं तिले मजा वाटन, वहिनी. मंग ते माही वाट कायले पाहीन? दवाखान्यात पडल्यावर वाटाले पाहिजे ना, का घरी कोनी वाट पाहून राह्यलं. माह्यं तं तेवढंच हाय."

मी कपाळाला हात लावला आणि गंगू ठेवून घेतली.

सुरुवातीला ती फिस्कारली, मी ओरडले. मग एका दुपारी मी पडले होते, तर बया पायाशी येऊन झोपली. पाहता पाहता पायाशीची उशाशी आली. पुढं तर मेली कंपाउंडरांच्या कुंपणावर दिसली की माझाच जळफळाट व्हायला लागला! घरात काय कमी होतं तिला?

नारायणभाऊ परतले ते डोळ्यावर हिरवी पट्टी लावून. स्टेशनावरून सरळ माझ्याच दारात, पिशवी खांद्यालाच. गंगू माझ्या मांडीवर पसरली होती. मी चटकन उठले, तशी ती धपकन खाली पडली.

"कसी हाय गंगू?" त्यांनी भीत भीत विचारलं.

"काय सांगू, भाऊजी! धड जेवली नाही. सारखे फाटकाकडं डोये. मले तं जवळ येऊ देईना."

"हौ?"

"हौ ना!"

म्हाताऱ्याचा चेहरा असा काही फुलला! त्यांनी तिला उचलून खांद्यावर घेतलं. "पागल, एवढं कायले करा लागते? आलो ना मी!" आणि घराकडे निघाले.

खांद्यावरून गंगू माझ्याकडे बघून जोरजोरात ओरडायला लागली. त्यांनी वळून पाहिलं.

"पाहा, अजूनही चिडते माह्यावर," मी म्हटलं आणि दार लावून घेतलं. मेलं रडू आवरेना.