लाल रबराची चाचणी

शनिवारी दुपारी मधुसूदनाने जेवणाच्या पाटाशेजारी सायकलच्या ब्रेकचे आठ रबर मांडले; चार लाल, चार काळे. शरयूने आमटी वाढताना त्यांच्याकडे पाहिले आणि वाटी थोडी लांब ठेवली.

"अहो, हे ताटाजवळ कशाला?"

"निवड करायची आहे. सोमवारच्या आत."

सोमवारचे महत्त्व घरात कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते. गुरुवारी, एक नोव्हेंबरला, मध्यभारत राज्य नव्या मध्यप्रदेशात विलीन होणार होते. राजधानी भोपाळला आणि तिच्यामागून ग्वाल्हेरची निम्मी कार्यालये. मधुसूदन सरकारी पाणी-तपासणी प्रयोगशाळेत होता. गावातल्या विहिरींचे आणि नळांचे नमुने बाटल्यांत भरून सायकलवर आणायचे आणि तपासायचे, हे त्याचे काम. ग्वाल्हेरात अशी एकच जागा ठेवायची ठरले होते, तीही अटीवर. मागच्या महिन्यात इंदरगंजच्या चौकात त्याची सायकल वेळेवर थांबली नव्हती आणि बारा बाटल्या फुटल्या होत्या. म्हणून नव्या खात्याचे अधिकारी सोमवारी जातीने पाहणार होते. बाटल्यांची पेटी लादून, पायडल न मारता उतारावरून यायचे, खुणेपाशी ब्रेक दाबायचा आणि पंधरा फुटांच्या आत थांबायचे. जमले तर जागा ग्वाल्हेरात, नाहीतर जागेसह मधुसूदन भोपाळला.

शरयू कन्याशाळेत सहा वर्षांनी, गेल्या ऑगस्टमध्ये, कायम झाली होती. दरबारच्या दफ्तरातून निवृत्त झालेले मधुसूदनाचे वडील, नाना, यांना फार कमी दिसे. पण घरापासून फूलबागेपर्यंत ते पावले मोजत एकटे जाऊन येत. भोपाळची पावले कोणी मोजलेली नव्हती.

"दुकानवाला काय म्हणाला?" नानांनी विचारले.

"रामस्वरूप म्हणतो, लाल वाला मुलायम है, पकड़ता है, काला सख्त है, चलता है. मी विचारलं, किती पकडतो? तर म्हणे, बाबूजी, पकड़ता है मतलब पकड़ता है."

"मग लाल घाल की. तीस वर्षं तो हेच विकतोय."

"नाना, तीस वर्षांत त्याने एकदाही मोजलेलं नाही."

"लाल अजून आहेत ना त्याच्याकडे?" शरयूने विचारले.

"हे शेवटचे चार. आग्र्याचं पार्सल दिवाळीनंतर येईल."

प्रयोगशाळेत एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढत नसत. प्रत्येक नमुना तीनदा तपासायचा. संशय आला तर दहादा. पाणी कमी पडले तर विहीर होतीच. मधुसूदनाने बारा वर्षे ही शिस्त पाळली होती आणि आता त्याला तो निसर्गनियम वाटू लागला होता.

रविवारी सकाळी तिघे थाटीपुराकडच्या एका उतारावर गेले. शरयूने शिवणाची फीत धरली. नाना मैलाच्या दगडावर बसले. काळ्या रबरांवर दहा फेऱ्या झाल्या. सरासरी तेवीस फूट. लाल रबरांवर दहा फेऱ्या झाल्या, सरासरी अकरा.

"झालं तर मग," शरयू म्हणाली. "लाल. चला घरी, कुकर नाही आपल्याकडे, डाळ शिजायला वेळ लागतो."

"ओल्या चाकावर पाहायला हवं."

"ऑक्टोबर संपत आलाय. पाऊस कुठला?"

"शक्यता शून्य नाही."

ओल्या चाकावर दहा फेऱ्यांची सरासरी चौदा आली. पडताळा म्हणून चाक कोरडे करून पुन्हा दहा फेऱ्या घेतल्या; ती तेरा आली. पहिल्यांदा अकरा होती. दोन फुटांची ही विसंगती तशीच सोडून देणे मधुसूदनाला शक्य नव्हते.

"मधू, आवाज बदललाय रे," नाना म्हणाले. "मघाशी नुसतं सूं करत होतं. आता खर्र करतंय."

"नाना, आवाजाला फीत लावता येत नाही."

आणखी वीस फेऱ्या झाल्या. मधुसूदनाने आलेखाच्या कागदावर ठिपके मांडले. पंधरा, सतरा, एकोणीस. रेषा इतकी सरळ वर चढत होती की तिच्यामागे एकच कारण असणार, हे उघड होते. त्याने वाकून पाहिले. पुढच्या चाकाच्या दोन्ही रबरांतून लोखंड दिसत होते.

"म्हणजे," शरयू फीत गुंडाळत म्हणाली, "कोणता रबर चांगला ते तुम्ही सिद्ध केलंत, आणि तो संपवलात."

"पुढचे दोन संपले. मागच्यांवर भार कमी येतो. ते निम्मे शिल्लक आहेत."

ते निम्मे रबर त्याने पुढे बसवले आणि मागे काळे. या जोडणीची चाचणी मात्र घेता येत नव्हती. प्रत्येक फेरी सोमवारच्या फेरीतून वजा होणार होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने नुसत्या गणितावर काम भागवले.

"सोळा फूट," तो कागदावरून मान वर करून म्हणाला. "अधिकउणे दोन."

"म्हणजे कसं?"

"तीनदा प्रयत्न केला तर एकदा पंधराच्या आत थांबेन."

"आणि उद्या किती वेळा करायचाय?"

"एकदा."

अधिकारी रघुनाथराव नागपूरचे होते. आठ दिवसांत त्यांनी अठरा सरकारी वाहने तपासली होती, आणि त्याचा शीण त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता.

"थांबते ना सायकल?" त्यांनी विचारले.

"सोळा फुटांत थांबेल, साहेब. अधिकउणे दोन."

"अट पंधराची आहे. ठाऊक आहे ना?"

"हो."

"तरी सोळा सांगून राहिले तुम्ही?"

"सोळाच निघतात."

रघुनाथरावांनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिले आणि इशाऱ्यासाठी वर धरलेला हात खाली केला.

सायकल सुटली. मागे बाटल्या किणकिणू लागल्या. खुणेचा चुना जवळ आला, चाकाखाली गेला. मधुसूदनाने ब्रेक दाबला. पुढून खर्र झाले. पाच फूट, आठ फूट. वेग हवा तसा उतरत नव्हता. बारा फुटांपाशी पेटी एका अंगाला झुकली. पंधराची पांढरी रेघ पुढच्या चाकाकडे सरकत आली, आणि सरकायची थांबली.

कारकुनाने दोनदा मोजले. चौदा फूट नऊ इंच. बाटल्या शाबूत होत्या.

"पास," रघुनाथरावांनी सही केली. "जागा ग्वाल्हेरातच राहील. आता हे सोळा कुठून आणले ते सांगा."

सुटकेच्या भरात मधुसूदनाने सगळे सांगितले: पन्नास लाल फेऱ्या, आलेख, झिजण्याचा दर.

"अठरा जणांना मी हाच प्रश्न विचारला," शेवटी रघुनाथराव म्हणाले. "अठराही म्हणाले, थांबेल साहेब. अकरा भिंतीवर गेले. आपली चूक किती होऊ शकते हे आधी सांगणारा तुम्ही पहिलेच." त्यांनी दुसरा कागद पुढे ओढला. "या जागेवर इथे कोणीही चालेल. भोपाळच्या मुख्य प्रयोगशाळेला तुम्ही पाहिजे. बढती आहे. गुरुवारी हजर व्हा."

"साहेब, माझी पत्नी इथे शाळेत कायम आहे."

"अरे वा. मग इथली काळजी नाही तुम्हाला."

संध्याकाळी शरयूने हुकूम दोनदा वाचला, नानांना एकदा वाचून दाखवला आणि घडी घालून कोनाड्यात ठेवला.

"अहो, एक विचारू? तुम्हाला नुसतं 'थांबेल, साहेब' म्हणता आलं नसतं?"

मधुसूदनाने प्रश्नाचा प्रामाणिकपणे विचार केला.

"तीनातून दोनदा ते खोटं ठरलं असतं," तो म्हणाला.