तिसऱ्या वाफ्याचा ताप

मुलांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा. कल्याणजवळ, उल्हास नदीकाठी भर दुपार आहे. वारा पडलाय. काकडीच्या मळ्यात चिटपाखरू नाही. आणि तरीही तिसऱ्या वाफ्यात कुणीतरी पाणी ओततंय!

मळ्याचा मालक महिपत मात्र निर्धास्त होता. "आपल्याकडे आता लबाडीच चालायची नाही!" तो गावभर सांगे. तिसऱ्या वाफ्यात सेन्सरचा खांब रोवला होता. तो मातीची ओल आणि उष्णता मोजायचा, माती सुकली की साऱ्या मळ्याला ठिबकचं पाणी सोडायचा. प्रत्येक नोंद ब्लॉकचेनमध्ये जायची. म्हणजे एकाच वहीच्या शंभर प्रती शंभर घरांत! एकाने खोडाखोड केली, तर नव्व्याण्णव बोंबलणार. ती वही आणि ताजा माल पाहून ठाण्याचा व्यापारी शनिवारी काकडी उचलणार होता.

पण महिपत रोज दोनला बाजारातून परतला की फोनवर तेच: 'दुपारी एक. माती चिंब. उष्णता पन्नास.' जणू जमिनीला ताप भरलाय! आणि वेल तर माना टाकत होते.

"साईनाथ, पंप बंद आहे रे!" त्याने खांब बसवणाऱ्या तंत्रज्ञाला फोन केला.

"काका, नोंद खोटी नसते. पंपाशिवाय कुणीतरी पाणी दिलंय."

"कुणी?"

"ते खांबाला कळत नाही."

महिपतने फोन ठेवला. खांब म्हणतो माती चिंब; हाताने नळ सोडावा, तर मुळं कुजायची भीती. तो खांबाजवळ गेला. त्यावर पाच लाल बोटं उमटली होती! त्याचा चेहरा सोललेल्या काकडीसारखा झाला.

दुसऱ्या दिवशी तो दहा वर्षांच्या लेकीला, दक्षताला, घेऊन मांडवाआड लपला. सोबत तिला हवी होती असं त्याचं म्हणणं!

एक वाजला. पानं सळसळली. पांढरं पातळ नेसलेली, ओले केस मोकळे सोडलेली आकृती आली आणि थेट खांबाशी वाकली.

"बाबा, हात सोडा, दुखतोय," दक्षता कुजबुजली. "आजी आहे ती."

गंगुबाईने खांबाला शेंदराची बोटं ओढली, त्याला चिकटून पेटती पणती ठेवली, दुसऱ्या बाजूने घागर उपडी केली.

"आये! हे काय?"

"तूच त नारल फोरलास ना याच्याम्होरं? हार पन घातलास! मंग देवाला उपाशी ठेवू? याला न्हाऊ घातल्याबिगर मी जेवत नाय."

"अगं, मशीन आहे ते!"

"हलू बोल. ऐकतंय!"

त्याच क्षणी खिशातला फोन किणकिणला: 'माती चिंब.' महिपत दोन पावलं मागे सरला.

गंगुबाईने दुसरी घागर उचलली. आईला अडवायची महिपतची छाती होईना.

दक्षता मात्र मळ्यातल्या झोपडीतून परात घेऊन आली आणि खांबाला टेकवून बसली. "आजी, देवाचं तीर्थ मातीत सांडतात का? यात ओत."

परात भरली. ती उचलून दक्षता माना टाकलेल्या पहिल्या वेलाशी गेली.

"उजवा हात पुढे कर," ती वेलाला म्हणाली, आणि ओंजळभर तीर्थ तिने त्याच्या मुळाशी सोडलं.